देवाला विचारून सांगतो

'देवाला विचारून सांगतो' या वाक्याचे आमच्या यवतमाळकडे दोन अर्थ होतात. एक, 'नाही', आणि दुसरा, 'बायकोला विचारून सांगतो.' खरोखरच देवाला विचारणारे थोडे. आमचे मोठे काका त्यांतले.

विचारायच्या तऱ्हा गावोगावी निराळ्या. गोव्यात मूर्तीला पाकळ्या चिकटवतात आणि आधी उजवी पडते की डावी ते बघतात. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडून भोवती 18 धान्यं ठेवतात. पहाटे कुठला दाणा सरकला त्यावरून पिकाचं सांगतात, अन् पानविड्यावरून राजाचं! (राजे गेले, पण विडा कायम आहे.)

काकांचा भरवसा कळंबच्या चिंतामणीवर. एरवी देवासाठी डोंगर चढावा लागतो. इथं पायऱ्या उतरून जमिनीखाली जायचं. त्यामुळे दम लागत नाही आणि प्रश्न सविस्तर विचारता येतो. प्रश्न दर जूनला एकच : पऱ्हाटी की सोयाबीन?

परत आल्यावर घरच्या देव्हाऱ्यापुढे दोन चिठ्ठ्या टाकल्या. नातवानं उचलली. सोयाबीन.

"पोराचा हात उष्टा होता," काका म्हणाले.

हात धुऊन पुन्हा. सोयाबीन.

"चिठ्ठ्या नीट हालवल्या नाही न बाप्पा!"

तिसऱ्यांदा पऱ्हाटी निघाली. काकांनी लगेच हात जोडले. देवाचं बोलणं संपलं की उठावं, एवढा शिष्टाचार त्यांना ठाऊक आहे.

काकू आतून म्हणाल्या, "बीटीची पाकिटं तर परवाच आणली तुम्ही. देवाले काऊन तरास देऊन राह्यले जी?"

काका हसले नाहीत. "कर्ज बँकेचं, बियाणं कंपनीचं, पाऊस वरच्याचा. पेरायचं मात्र मी एकट्यानंच ठरवू का?"

काकू यावर काही बोलल्या नाहीत. त्यांनी चहा ठेवला.

त्या वर्षी पावसानं ओढ दिली. उगवलेलं वाळलं, सोयाबीनवाल्यांचंही तेच झालं, तेव्हा पहिल्या दोन चिठ्ठ्यांचाही निकाल लागला. दुबार पेरणीला काका थेट बियाण्याच्या दुकानात गेले, उधारीवर.

"या खेपेला विचारलं नाही?" मी म्हटलं.

"नाही," काका म्हणाले. "त्याले तरी कितींदा वाईट वाटू द्यायचं?"