लाकडी कॅबिनेट आणि आषाढातली हवा

ठाण्यात, कल्याण-डोंबिवलीत जुन्या चाळी आणि वाडे पाडले जातात, तेव्हा त्यांची दारं, चौकटी, कडीपाटाच्या तुळया वखारीत येऊन पडतात. कॉम्प्युटरचं कॅबिनेट करायला मला हेच लाकूड हवं असतं. कित्येक पावसाळे पाहिलेल्या त्या सागवानाची ताजी ओल कधीच गेलेली असते. पिळायचं-वाकायचं ते त्यानं उरकून घेतलेलं असतं. फळी घरी आली की आधी तिच्यावरून लोहचुंबक फिरवावं. आत एखादा मोडका खिळा राहिला, तर रंध्याच्या पात्याची धार गेलीच.

लाकूड पेटणार नाही का, असं सगळेच विचारतात. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास गेला की स्वतःच मंदावतो आणि तरीही तापला तर बंद पडतो. लाकूड पेट घ्यायला अडीचशेच्या वरचं तापमान लागतं. एसएमपीएस मात्र त्याच्या पत्र्याच्या डब्यातच राहू द्यायचा. उष्णता बाहेर नेण्याचं काम पत्र्याच्या कॅबिनेटमध्येही मुख्यतः हवाच करते. म्हणून समोर खालच्या अंगाला १२० मिलिमीटरचा पंखा हवा आत घेणारा आणि मागे वरच्या अंगाला दुसरा, ती बाहेर टाकणारा. पत्रा आणखी एक काम गुपचूप करत असतो, अर्थिंगचं आणि विद्युतलहरी अडवण्याचं. ते लाकडाला जमत नाही. त्यासाठी मी आतून ॲल्युमिनियमचा पत्रा बसवतो, मदरबोर्ड पितळी स्टँडऑफवर त्यालाच कसतो आणि एसएमपीएसचा डबाही त्यालाच जोडतो.

खरी परीक्षा असते ती आपल्या हवेशी. जुलैत इथली हवा ओलीचिंब. मशीन चालू असलं की पेटीच्या आत मात्र गरम, कोरडी हवा. म्हणजे एकाच फळीच्या एका अंगाला आषाढ आणि दुसऱ्या अंगाला वैशाख! आतलं अंग आक्रसतं, बाहेरचं फुगतं आणि फळी आतल्या बाजूनं खोलगट होते. लाकूड शिरांच्या लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. रुंद फळी चारी बाजूंनी फेव्हिकॉल लावून जखडली, तर ती सांधा तरी उघडते किंवा स्वतः तरी चिरते. यावरचा उपाय त्या पाडलेल्या घरांच्या दारांतच आहे. चौकट पक्की, कुसू-सालीनं जोडलेली, आणि मधली फळी खाचेत मोकळी, डिंकाशिवाय बसवलेली. तिला फुगायला-आक्रसायला जागा मिळते. माझ्या कॅबिनेटच्या दोन्ही बाजू अशाच असतात.

इलेक्ट्रॉनिक्सला लाकूड परकं नाही. व्हॉल्व्हचे रेडिओ लाकडी पेटीतच यायचे. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, त्यानंतर घरोघरी आलेल्या टीव्हींनाही लाकडी शटरची दारं असत. १९७६चा ॲपल-१ तर नुसता बोर्ड म्हणून विकला गेला. पेटी ज्याची त्यानं करायची, आणि अनेकांनी ती लाकडाचीच केली.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे. सागवानावर रंग चढवू नये. चौकटीला स्पिरिटमधलं लाखेचं पॉलिश, तेही पातळ हातांनी, पुरेसं आहे. मधल्या फळ्या मी दुसऱ्या, साध्या लाकडाच्या घेतो आणि रंग त्यांना देतो. लांबी भरायची, १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासायचं, मग १८०, प्रायमर, पुन्हा ३२०, आणि त्यावर जुन्या चाळींच्या दारांना असायचा तो हिरवा तेलरंग. फळीच्या दिसणाऱ्या बाजूला जितके हात, तितकेच आतल्या बाजूलाही मारायचे. एकच बाजू रंगवली तर ओल दुसऱ्या बाजूनं शिरते आणि फळी वाकते. शिवाय फळी खाचेत बसवण्याआधीच कडेपर्यंत रंगवून घ्यावी. नाहीतर उन्हाळ्यात ती आक्रसली की कडेला बिनरंगाची रेघ उघडी पडते. हल्ली चहूकडे बांधकामं सुरू आहेत आणि ओल्या रंगावर धूळ बसायला वेळ लागत नाही, म्हणून मी खिडक्या लावून, फरशीवर पाणी शिंपडून मगच ब्रश उचलतो. पावसाळ्यात पॉलिशला हात लावू नये. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली ओल त्यावर धरते आणि पॉलिश पांढरं पडतं.

तेव्हा कुणाला करून पाहायचं असेल, तर लाकूड दिवाळीनंतर आणा, काही आठवडे घरातच उभं करून ठेवा, थंडीत सांधे करा आणि रंगाचा शेवटचा हात मे संपायच्या आत मारा.