हौदाचा हिवाळा

अमेरिकेत न्यू जर्सीस वास्तव्य करणारा आमचा धाकटा बंधू दरवर्षी सप्टेंबर सरता सरता दूरध्वनीवर न चुकता विचारतो, "दादा, तुमचा हौद मिटवला का?" त्याच्या परसात पोहण्याचा तलाव आहे आणि थंडी पडण्यापूर्वी तो मिटवणे हा तिकडे गृहस्थधर्माचाच भाग होऊन बसला आहे. नळ्यांच्या तोंडांखाली जाईपर्यंत पाणी उतरवावयाचे, जमिनीखालच्या नळ्यांत उरलेले पाणी हवेच्या जोराने फुंकून काढावयाचे, तोंडांस बुचे बसवावयाची आणि वर जाड आच्छादन ताणून बांधावयाचे. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते आणि नळीत कोंडले असेल तर नळी फोडते; या एका गोष्टीसाठी हा सारा खटाटोप!

आमच्या सिल्वासात पाणी गोठण्याची भीती नाही. पौषात पहाटे शाल पांघरावी आणि दहा वाजता तिची घडी घालावी, इतकाच येथला हिवाळा. तेव्हा येथे हौदाला हिवाळ्याची तयारी ती कसली, असे आम्हांस शेजारीपाजारी विचारतात. आमचा अनुभव असा, की वैशाखात मुले सुखाने पोहणार की नाही याचा निर्णय कार्तिकातच होऊन जातो.

तलाव हा शब्द आम्ही मुद्दामच टाळतो. घरामागे विहिरीशेजारी बांधलेला अठरा फूट लांब, दहा फूट रुंद आणि चार फूट खोल असा जमिनीतला तो सिमेंटचा हौद आहे. त्याला हौदच म्हणावे. नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजचे पाणी पुण्यात आणून हौदांत खेळविले गेले. काळा हौद, बदामी हौद ही नावे जुन्या पुणेकरांच्या तोंडी अजून आहेत. आमचा नगर हवेली परगणा त्याच मराठी राज्यातून १७८३ साली पोर्तुगीजांकडे गेला आणि सिल्वासा २ ऑगस्ट १९५४ रोजी त्यांच्या अंमलातून सुटले. पुण्याचे पाणी आमच्या वाट्यास आले नाही, पण शब्द आला. असो.

हौद बांधला तो हौसेने नव्हे. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतील सातवीचा एक मुलगा श्रावणात घरी जाताना भरलेल्या ओहोळात वाहून गेला. हजेरीपटावरील त्याच्या नावावर रेघ ओढणे वर्गशिक्षकांच्याने होईना; ते काम आम्हीच केले. मुलाचे अक्षर वळणदार होते, भूमिती चांगली होती. पोहणे कोणत्याच इयत्तेच्या अभ्यासक्रमात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालाप्रमाणे २०२१ साली जगभरात सुमारे तीन लाख माणसे बुडून दगावली, आणि पाच ते चौदा वर्षे वयाच्या मुलांच्या मृत्यूंच्या कारणांत बुडण्याचा क्रमांक तिसरा लागतो. चार फुटांच्या हौदात शिकलेला मुलगा लोंढ्यातून तरून येईलच, असे आम्ही कोणाही पालकास सांगत नाही. उलट भरल्या ओहोळात पाऊल घालू नये, हा आमचा पहिला धडा. परंतु पाण्यात पडल्याबरोबर धीर न सोडता अंग वर आणणे चार फुटांतही शिकता येते. होळीनंतर जूनपर्यंत आसपासच्या पाड्यांवरील मुले आमच्याकडे येतात, ती एवढे तरी शिकून जातात.

आता मूळ विषयाकडे वळू. पाऊस संपला की हौदात शेवाळे, पाने आणि गढूळ पाणी असते, आणि साहजिकच तो तत्काळ रिकामा करावा असे वाटते. हौद बांधला त्या वर्षी आम्हीही पंप लावावयास निघालो होतो. बागेत काम करणाऱ्या वृद्ध वारली काकांनी आम्हांस हात धरून विहिरीपाशी नेले आणि म्हणाले, "गुरुजी, आधी हिच्यात बघा." विहिरीतले पाणी हौदाच्या तळाहून हातभर वर होते. याचा अर्थ असा, की हौदाच्या चहूबाजूंची जमीनही तेवढ्या उंचीपर्यंत पाण्याने तुडुंब होती. अशा वेळी हौद रिकामा केला तर बाहेरचे पाणी त्याला खालून रेटते. बांधकाम हलके असेल तर तळास तडे जातात, प्रसंगी अख्खा हौद नावेसारखा वर उचलला जातो. आर्किमिडीजचा हा सिद्धांत आमच्या शाळेत दरवर्षी फळ्यावर लिहिला जातो. काकांनी तो विहिरीत दाखविला. तेव्हापासून आमचा नेम असा, की तुळशीचे लग्न लागल्याशिवाय आणि विहिरीचे पाणी हौदाच्या तळाखाली उतरल्याशिवाय पंपास हात लावावयाचा नाही.

तोवर डासांची चिंता असते. डेंग्यूचा डास अशाच घरगुती, स्थिर पाण्यात वाढतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून मधल्या काळात जाळीने पाने काढणे आणि पाण्यात औषध टाकणे चालूच ठेवावे लागते. (एका विद्यार्थ्याने गप्पी मासे आणून दिले होते. औषधाच्या पाण्यात ते जगत नाहीत. त्यांची रवानगी बागेतल्या टाकीत झाली आहे.) या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन् महिने जिवंत राहतात. त्यामुळे नुसते पाणी काढून भागत नाही, भिंती काथ्याने आणि खराट्याने खरवडून घासाव्या लागतात. औषध आठवडाभर आधी थांबविले की ते पाणी केळींना निर्धास्त देता येते. त्या दिवशी आमच्या केळींची दिवाळी उशिरा साजरी होते, असे सौ. म्हणते.

घासलेला हौद आम्ही लगेच पुन्हा भरतो. येथेच आमचे आणि आमच्या स्नेह्यांचे मतभेद होतात. त्यांचे म्हणणे, हिवाळाभर पाणी कशाला राखावयाचे, उन्हाळ्यात भरावे. परंतु हौदात वीस हजार लिटरांहून अधिक पाणी मावते. कार्तिकात विहीर उदार असते, एवढे पाणी तिला जाणवतही नाही. चैत्रात तीच विहीर खोल जाते, आणि तेव्हा पाड्यावरच्या बायका आमच्या परसात हंडे घेऊन येतात. त्यांच्या देखत पोहण्यासाठी पंप चालू करण्याचे धैर्य आमच्यात नाही, आणि ते कोणात असू नये असेही आम्हांस वाटते. मुलांना पोहावयास शिकवावयाचे तर ते कार्तिकाच्या पाण्यावर, चैत्राच्या नव्हे.

मग ते पाणी चार महिने राखावे लागते. प्रथम थोडी तुरटी फिरवून गाळ तळाशी बसवितो. नंतर ब्लीचिंग पावडर. हजार लिटरांस अडीच ग्रॅम हे पाणी निर्जंतुक करण्याचे सर्वसाधारण प्रमाण, म्हणजे आमच्या हौदास जेमतेम पन्नास ग्रॅम. मुले उतरू लागली की ते वाढवावे लागते. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा आणि वरची निवळ तेवढी हौदात ओतावी. हे काम सायंकाळी करावे, कारण उन्हात औषधाचा जोर पाहता पाहता उतरतो. दर रविवारी दोन तास लहान पंपाने पाणी वाळूच्या गाळणीतून फिरवितो.

सर्वांत महत्त्वाचे ते आच्छादन. उघडे पाणी दिवसाला चार-पाच मिलिमीटर उडून जाते. होळीपर्यंत दीड फूट पाणी गेलेच म्हणून समजावे. काळी ताडपत्री घातली की पाणी राहते, ऊन अडते आणि ऊन नसल्यामुळे शेवाळेही धरत नाही. मात्र सैल ताडपत्रीसारखा घातकी पदार्थ नाही. ती जमिनीसारखी दिसते आणि लहान मूल तिच्यावर पाऊल टाकते. म्हणून आम्ही आधी बांबूंची घट्ट चौकट हौदावर बसवितो, ती चारी बाजूंच्या लोखंडी कड्यांना दोरांनी आवळतो, वर ताडपत्री ताणतो आणि काका स्वतः तिच्यावर उभे राहून पाहतात. त्यांनी मान हलविली म्हणजे काम झाले.

यंदा आच्छादन बांधून होते न होते तोच पुढील हंगामासाठी नावे येऊ लागली. आतापर्यंत अकरा मुलांची नावे वहीत आहेत, पैकी चार मुली. त्यांतल्या एकीची आई परवा हंडा भरता भरता सौ.ला हळूच विचारून गेली, मोठ्या बायकांनाही शिकवता का? सौ.ने वहीच्या शेवटच्या पानावर तिचे नाव लिहिले असून होळीनंतरच्या रविवारच्या सकाळी बायकांसाठी राखून ठेवल्या आहेत. त्या वेळी आम्ही परसात फिरकावयाचे नाही, असेही आम्हांस कळविण्यात आले आहे.