आकाशातील ठिपका

धूळ पुसणे हे काम आपण कधी विशेष मानले नाही. फडक्याने देव पुसावेत, पदराने चष्मा पुसावा, इतके ते सहज असते. परंतु जुन्या डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवरील धूळ काढायला बसलात, म्हणजे पुसण्यापूर्वी थांबावे लागते याची जाणीव तुम्हाला होईल.

आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या मागे माझ्याकडे आलेला कॅमेरा निकॉन डी-४०. तो २००६ च्या अखेरीस बाजारात आला. जेमतेम २४ मिलिमीटर रुंद आणि १६ मिलिमीटर उंच असा त्याचा सेन्सर. त्यावर सुमारे ६० लाख पिक्सेल. कंपनाने धूळ झटकणारी सोय ऑलिम्पसने २००३ मध्येच ई-१ या कॅमेऱ्यात आणली होती; डी-४० मध्ये ती नाही. लेन्स बदलताना आत शिरलेला कण तेथेच वस्तीला राहतो.

या धुळीचा स्वभाव मोठा गमतीचा आहे. लेन्सचे छिद्र मोठे असेल, तर कणाची सावली पसरून विरून जाते. तेच छिद्र एफ २२ इतके लहान करा आणि मोकळ्या आकाशाचे छायाचित्र घ्या. निळाईवर करडे ठिपके उमटतात. आप्पांच्या छायाचित्रांत ते जागोजाग आहेत. कॅमेऱ्यातील घड्याळ त्यांनी कधी लावलेच नाही, त्यामुळे तारखा सगळ्या चुकीच्या. आरंभी उजव्या कोपऱ्यात एकच ठिपका, मग दुसरा, पुढे केसासारखा एक तंतू. त्यांच्या अखेरच्या प्रवासांचा क्रम मी या ठिपक्यांवरूनच लावला. आता कॅमेरा माझ्या मुलीला हवा होता, आणि तिला आकाश स्वच्छ हवे होते.

म्हणून सफाईपूर्वी त्याच धुळीसह आकाशाचे एक छायाचित्र घेतले आणि आप्पांच्या संग्रहाच्या शेवटी ठेवले. त्यानंतर कामाला हात घातला. बॅटरी पूर्ण भरलेली हवी. मध्येच ती संपली, तर वर उचललेला आरसा खाली येतो. कॅमेऱ्याचे तोंड जमिनीकडे करून रबरी फुग्याने हवा मारावी. तोंडाने फुंकर घालू नये, थुंकीचे तुषार उडतात. समोरून पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी : छायाचित्रात वर दिसणारा ठिपका सेन्सरवर खाली असतो.

तंतू हवेनेच गेला. पहिला ठिपका मात्र हलेना. तेव्हा सेन्सरच्या मापाची खास पट्टी घेतली, तिच्यावर सफाईच्या द्रावाचे दोन थेंब टाकले, आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदाच, हलक्या हाताने फिरवली. पट्टीची दुसरी बाजू परतीच्या दिशेने. तेवढेच. आपण ज्याला स्पर्श करतो, ती सेन्सरवरील काच असते. पण तिच्यावर ओरखडा उठला, तर तो ठिपक्यासारखा पुसता येत नाही.

नव्या छायाचित्रातील आकाश नितळ निघाले. जुन्या छायाचित्रांतील ठिपके संगणकावर क्षणात घालवता येतील, हे तुम्हीही सुचवाल. ते मी घालवणार नाही. कॅमेरा पुढच्या हाती देताना तो निर्मळ असावा. मागच्यांनी पाहिलेले आकाश मात्र त्यांनी पाहिले तसेच राहू द्यावे. पुसायचे काय आणि जपायचे काय, हे ओळखणे हाच या कामातील खरा कठीण भाग आहे.