पोशिंदा आणि परोपजीवी

मराठीत 'परोपजीवी' हा शब्द उच्चारला की वर्णनाबरोबर निवाडाही देऊन होतो. 'बांडगूळ' तर उघडउघड शिवीच. साहित्याच्या वर्गात हा शब्द नवा नाही. समीक्षा ही साहित्यकृतीवर जगणारी परोपजीवी आहे, हा आरोप आम्ही दरवर्षी विद्यार्थ्यांपुढे मांडतो आणि जे. हिलिस मिलर यांनी १९७७ साली 'द क्रिटिक अ‍ॅज होस्ट' या निबंधात त्याला दिलेले उत्तरही सांगतो. मिलर मूळ ग्रीक शब्दाकडे वळतात. त्याचा अर्थ अन्नाशेजारी बसणारा, म्हणजे पंगतीतला सोबती. पाहुणा कोण आणि यजमान कोण, हे वाटते तितके सरळ नसते, असा त्यांचा रोख आहे. हा युक्तिवाद पुस्तकाबाहेर कितपत टिकतो, हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला तो खर्ड्यात, आणि तोही माशांच्या निमित्ताने.

खर्डा म्हटले की ११ मार्च १७९५ ची मराठे-निजाम लढाई आठवते. विद्यार्थ्यांना तिथला किल्ला दाखवण्यासाठी आम्ही दोघे गेलो होतो. दिवस उन्हाळ्याचे. परतीच्या वाटेवर खैरी धरणाच्या काठाशी थांबलो, कारण आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील तिथे मासेमारी करत होते. पाणी फार आत सरकले होते. त्यांनी जाळ्यातला एक रोहू तळहातावर घेतला आणि परांच्या बुडाशी चिकटलेला एक चपटा, जेमतेम दिसणारा जीव दाखवला. म्हणाले, "सर, ही ऊ तळं भरलेलं असतंय तवाबी असतीच. पाणी आटलं की मग मासा मारती."

या दोन वाक्यांत जवळजवळ सगळे शास्त्र आले आहे. माशाची ऊ, म्हणजे आर्ग्युलस, ही झिंग्या-खेकड्यांच्या दूरच्या नात्यातली. ती माशाची कातडी टोचून रक्त शोषते. त्या जखमेतून जिवाणू आणि बुरशी आत शिरतात. एका माशावरून दुसऱ्यावर जायला तिला मधला पोशिंदा लागत नाही. त्यामुळे आटणाऱ्या पाण्यात मासे दाटीने राहू लागले की तिचे फावते. त्यातच तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि आधीच धापा टाकणाऱ्या माशाची प्रतिकारशक्ती घटते. भरल्या धरणात जी ऊ नुसती सोबतीण असते, तीच दुष्काळात तेरावा महिना ठरते.

सगळ्याच परोपजीवींची गोष्ट इतकी सरळ नाही. क्लिनोस्टोमम नावाचा चपटा कृमी आधी गोगलगायीत वाढतो, मग माशाच्या मांसात पिवळी गाठ होऊन पडून राहतो आणि तो मासा बगळ्याने गिळला की बगळ्याच्या तोंडा-घशात प्रौढ होतो. गोगलगाय, मासा आणि बगळा यांतले एक जरी नाहीसे झाले तरी त्याचा वंश खुंटतो. तेव्हा माशाच्या अंगातली ती गाठ त्या माशाचे दुखणे असते, तशीच त्या पाण्यात तिघेही अजून नांदत असल्याची खूणही असते. कृमीला पाणथळीचा इतिहासकार म्हणावे, इतकी ही खूण बोलकी आहे.

आपल्याकडे या कृमींना नावेही आपल्या मातीतली मिळाली आहेत. वाम माशाच्या आतड्यात राहणाऱ्या फीतकृमींपैकी 'सेंगा' या प्रजातीत १९८० साली शिंदे आणि जाधव यांनी 'गोदावरी' आणि 'औरंगाबादेन्सिस' या जाती नोंदवल्या. १९८१ साली 'पैठणेन्सिस'ची भर पडली. अशा जातींच्या वेगळेपणाविषयी पुढे शंकाही घेतल्या गेल्या. तरीही आमच्यासारख्या भाषेच्या माणसांना याचे अप्रूप वाटते, की गोदावरीचे नाव ओव्या-अभंगांप्रमाणेच एका कृमीनेही धारण केले आहे.

मात्र नाव ठेवणे सोपे, हानी मोजणे अवघड. तलावात सोडलेल्या माशाला रोग झाला तर मालकाला मेलेले मासे तरंगताना दिसतात. मोकळ्या पाण्यात अशक्त मासा सहसा आधीच बगळ्याच्या, खंड्याच्या किंवा मोठ्या माशाच्या तोंडी पडतो, पुरावा उरत नाही. शिवाय बहुतेक परोपजीवी थोड्याच माशांत एकवटलेले असतात. बाकीचे वरवर निरोगी दिसतात. वाढ खुंटणे, अंडी कमी होणे, लवकर शिकार होणे, अशा मुक्या मार्गांनी तो भार माशांच्या संख्येवर पडतो. म्हणून एखाद्या वर्षी मासे मरून पडले की 'रोग आला' एवढ्यावर प्रकरण मिटते आणि आटलेल्या पाण्याकडे कुणी बोट दाखवत नाही. शब्दात निवाडा आधीच दडलेला असला की चौकशीची गरज वाटत नाही.

मिलर यांची पंगत आम्हांला आजही मान्य आहे, पण एका पुस्तीसह. पंगतीत अन्न किती आहे, हे विचारल्याशिवाय सोबती आणि लुटारू वेगळे करता येत नाहीत. ज्याला जीवशास्त्रात पोशिंदा म्हणतात, तोच शब्द आपण शेतकऱ्याला लावतो. तेव्हा पोशिंदा खंगला असे कानी आले की त्याच्या अंगावर कोण बसले आहे, या प्रश्नाच्या आधी त्याच्या भोवती पाणी किती उरले आहे, हा प्रश्न यायला हवा. साहित्याच्या वर्गात आम्ही आता तो याच क्रमाने विचारतो.