नंदनकानन : वाघ मोकळा, माणसं बंद

ओडिशाला जाणाऱ्या कुटुंबांचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. पुरीला जगन्नाथाचं दर्शन, कोणार्कचं सूर्यमंदिर, चिलिका सरोवरात नौकाविहार आणि मग परतीची गाडी. यात एक दिवस खास मुलांसाठी राखून ठेवायचा असेल तर तो नंदनकाननसाठी ठेवावा. भुवनेश्वरपासून सुमारे २० किलोमीटरवर, चंदकाच्या जंगलाला लागून, कांजिया तलावाच्या काठी असलेलं हे प्राणिउद्यान १९६० साली स्थापन झालं.

दोन फाटकांच्या आत

इथलं मुख्य आकर्षण म्हणजे सफारी. खिडक्यांना जाळ्या लावलेल्या गाडीत सगळे बसले की पहिलं फाटक उघडतं. गाडी आत शिरते, मागचं फाटक बंद होतं आणि त्यानंतरच पुढचं उघडतं. दोन्ही फाटकं एकाच वेळी कधीच उघडत नाहीत. आता वाघ-सिंह मोकळे आणि माणसं जाळीआड! तोवर खिडकीच्या जागेवरून भांडणारी भावंडं एकदम गप्प होतात. आजीही चष्मा सारखा करून बाहेर पाहू लागते.

सिंह, वाघ, अस्वलं आणि हरणांसारखे शाकाहारी प्राणी यांच्यासाठी वेगवेगळे भाग आहेत. मात्र समोर येऊन उभं राहणं हे काही प्राण्यांचं काम नव्हे. सिंह दिवसाचा बराचसा वेळ झोपूनच काढतो. दुपारी झुडपाआडून नुसती शेपटी दिसली, तरी तेवढ्यावर समाधान मानावं. ओरडून, जाळी वाजवून किंवा खाऊ फेकून त्याला उठवायला जाऊ नये. मुलं हे मोठ्यांकडे पाहूनच शिकतात.

पांढरा वाघ वेगळ्या जातीचा?

नंदनकाननचं नाव देशभर झालं ते पांढऱ्या वाघांमुळे. १९८० साली दीपक आणि गंगा या नेहमीच्या पिवळ्या रंगाच्या जोडीला पांढरे बछडे झाले आणि सारे चकित झाले. पुढे १९९१ साली पांढऱ्या वाघांची सफारीच सुरू झाली.

पांढरा वाघ पाहून मुलांचा पहिला प्रश्न असतो, ‘हा वेगळ्या जातीचा आहे का?’ तसं नाही. तोही आपला पट्टेरी वाघच. रंग ठरवणारा एक दुर्मीळ जनुक आई आणि वडील अशा दोघांकडूनही आला, तरच बछडा पांढरा होतो. दीपक हा गंगेचा बाप होता, म्हणूनच हा दडलेला जनुक दोन्ही बाजूंनी एकत्र आला. अशा जवळच्या नात्यातल्या जोड्या पिढ्यान्‌पिढ्या लावत राहिलं, तर पिल्लं अशक्त आणि व्यंग असलेली निपजण्याचा धोका वाढतो. पांढऱ्या रंगाचं कौतुक जरूर करावं, पण त्या रंगाची किंमत वाघाला मोजावी लागते, हेही मुलांना सांगावं.

आपणहून आलेली वाघीण

इथली सर्वांत नवलाची गोष्ट मात्र १९६७ सालची आहे. त्या वर्षी जानेवारीत जंगलातली एक वाघीण प्रदीप नावाच्या वाघाच्या आवारात उडी मारून शिरली आणि तिथेच राहिली! उद्यानाच्या नावावरून तिचं नाव ठेवलं गेलं ‘कानन’.

उद्यानाने वाईट दिवसही पाहिले आहेत. १९९९ च्या महाचक्रीवादळाचा तडाखा बसला आणि २००० सालच्या उन्हाळ्याअखेरीस माश्यांच्या चाव्यातून पसरणाऱ्या ‘सर्रा’ रोगाने काही दिवसांतच डझनभर वाघ दगावले. कुंपण माणसाला अडवतं, माशीला नाही. त्यामुळे मोकळा दिसणारा हा वाघ शेवटी माणसाच्या देखभालीवरच जगतो, हे त्या घटनेने दाखवून दिलं.

आणखी काय पाहाल?

सफारी आटोपली की लगेच निघू नका. लांब, निमुळत्या तोंडाच्या सुसरींची वीण बंदिवासात प्रथम इथेच, १९८० साली यशस्वी झाली. अंगभर खवले असलेल्या खवल्या मांजराचं प्रजननही इथे केलं जातं. थकलेल्या पायांना विसावा हवा असेल तर कांजिया तलावाचा काठ आणि वनस्पती उद्यान आहेच.

कधी, कसे जाल?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सोमवारी उद्यान बंद असतं, त्यामुळे दिवस ठरवताना काळजी घ्या. मुंबई, पुणे, सोलापूरकरांना कोणार्क एक्सप्रेस थेट भुवनेश्वरला पोहोचवते आणि तिथून बस किंवा टॅक्सी मिळते. सकाळी लवकर पोहोचून आधी सफारीचं तिकीट काढावं. टोप्या आणि आरामशीर चपला-बूट विसरू नयेत. प्लास्टिकच्या पिशव्या घरीच ठेवाव्यात, कारण हरणाच्या पोटात गेलेली एक पिशवीही त्याच्या जिवावर बेतू शकते.

दुसऱ्या दिवशी कटकला जाणार असाल, तर वाटेत पहाळा इथे थांबायला हरकत नाही. इथले रसगुल्ले प्रसिद्ध आहेत. ते तोंडात टाकता टाकता, कालचा वाघ नक्की किती मोठा होता, यावर मुलांचा वाद रंगलेला असेल. तो खुशाल रंगू द्यावा!