खुर्चीतलं भारूड

बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात पायातला जोर गेला म्हटलं की लोक आधी लकवा समजतात, नाहीतर मणक्यावर बोट ठेवतात. माझ्या थोरल्या बहिणीचंही तसंच झालं. आधी एका डोळ्याला अंधूक दिसू लागलं, मग पायांना मुंग्या, मग चालताना तोल जाऊ लागला. पुण्यात एमआरआय झाला तेव्हा आजाराचं नाव कळलं: मल्टिपल स्क्लेरोसिस. यात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब करते. मेंदूचा निरोप पायापर्यंत नीट पोचत नाही. उकाड्यात तर आणखीनच नाही.

इंदापूरचा उन्हाळा कसा असतो ते सांगायला नको. दुपारी पाय उचलेनासे झाले की ताई म्हणते, "झालं, लोडशेडिंग सुरू! आता मोटारीसारखी रात्रीच लाईट येणार." घरातले सगळे हसतात, आणि तीही त्या हसण्यात मनापासून असते.

ताई आधीपासून भजनी मंडळातली. तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर करत बेलवाडीच्या रिंगणाला येते, तेव्हा तिच्या अंगात वेगळाच उत्साह असतो. चालण्याचा व्यायामही ती टाळांच्या ठेक्यावरच करते. पाऊल ठेक्यावर पडलं की चाल सुधारते, हे फिजिओथेरपीतही मान्य आहे. पक्षाघात आणि पार्किन्सन्सच्या रुग्णांना असा सराव देतात.

संगीतानं हा आजार बरा होतो असं मात्र कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. जगप्रसिद्ध चेलोवादक जॅकलिन द्यु प्रे यांना १९७३मध्ये याच आजारानं वादन थांबवावं लागलं. पुढं त्या शिकवत राहिल्या आणि १९८७मध्ये, अवघ्या ४२व्या वर्षी गेल्या. औषधं चुकवायची नाहीत. गाणं त्यांच्या जोडीला.

अमेरिकी विनोदवीर रिचर्ड प्रायर यांना १९८६मध्ये हे निदान झालं. उभं राहणं जमेना तेव्हा ते रंगमंचावर खुर्चीत बसून आपल्या आजारावरच बोलले. ताईला त्यांचं नावही ठाऊक नव्हतं, पण मंडळात तिनं तेच केलं. नाथांचं विंचवाचं भारूड तिनं खुर्चीत बसून सादर केलं. रात्र-रात्र जिचे तळवे जळतात, तिनं विंचू चावल्याचं सोंग घेतलं तेव्हा आधी बायका चपापल्या. मग हसल्या, आणि टाळ धरून शेवटपर्यंत साथ देत राहिल्या. त्या दिवशी तिच्या तब्येतीची चौकशी कुणी केली नाही. पुढचं भारूड कधी, एवढंच विचारलं. मला तेच फार मोलाचं वाटतं.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत या आजाराचं नाव स्वतंत्रपणे आहे. घरात असा रुग्ण असेल तर प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. आणि भजन असो, नाटक असो, त्याला घरी ठेवून जाऊ नका. आयोजकांना पंख्याखाली एक खुर्ची राखून ठेवायला सांगा.