कबुली

खंडाळ्याच्या रेल्वे स्टेशनावर मे महिन्यात पानांच्या द्रोणांत करवंदे घेऊन बसणाऱ्या मुली ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना मी जिच्याविषयी लिहिणार आहे त्या मुलीची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. कर्जतहून मागे जादा इंजिने लावून घाट चढून आलेली गाडी थांबली, की या मुली डब्यांच्या खिडक्यांशी धावत. त्यांतली एक माझ्याच वयाची होती. मी तिच्याकडून करवंदे घेत असे आणि ती मला मोजून झाल्यावर वर मूठभर घालीत असे. एवढीच आमची मैत्री. तिचे नाव मी येथे लिहीत नाही. लिहिण्याचा अधिकार मला आहे, असे वाटत नाही.

त्रेचाळीस वर्षे मनाच्या तळाशी दडपून ठेवलेली ती मुलगी मला पुन्हा भेटली ती लंडनमधील एका चित्रपटगृहात. २०२५ च्या वसंतात मी लेकीकडे गेले होते. तेथे 'संतोष' नावाचा हिंदी चित्रपट लागला होता. दिग्दर्शिका संध्या सूरी. मूळच्या माहितीपट करणाऱ्या, आणि हा त्यांचा पहिलाच कथापट. २०२४ च्या मे महिन्यात कान येथील महोत्सवात तो प्रथम दाखविला गेला आणि पुढे ऑस्करसाठी ब्रिटनची अधिकृत प्रवेशिका म्हणून पाठविला गेला. आपल्या देशात मात्र सेन्सॉर मंडळाने त्याला प्रदर्शनाची परवानगी नाकारल्याचे वृत्त मार्च २०२५ मध्ये आले. पोलिसांची मारहाण, जातिभेद, स्त्रीद्वेष, मुसलमानांविषयीचा आकस यांचे जे चित्रण त्यात आहे, ते मंडळाला मानवले नाही. "मम्मी, तिकडे पाहायला मिळणार नाही, इथेच पाहू," असे लेक म्हणाली, म्हणून गेलो. गोष्ट काय आहे हे ठाऊक असते, तर कदाचित मी गेले नसते.

उत्तर भारतातील ग्रामीण भागात एका शिपायाला दंगलीत मरण येते. त्याची तरुण विधवा संतोष हिला सासरी थारा नाही, राहते सरकारी घर सुटणार. अशा वेळी तिला अनुकंपा तत्त्वावर नवऱ्याच्याच जागी नोकरी मिळते आणि ती खाकी गणवेश चढविते. शहाना गोस्वामी यांनी ही भूमिका केली आहे. गावातील एका दलित मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून होतो. तिच्या बापाची तक्रार आधी कोणी ऐकून घेतलेली नसते. मग गीता शर्मा नावाची अनुभवी स्त्री अधिकारी येते. सुनीता राजवार यांनी ती उभी केली आहे. ती संतोषला हाताशी धरते, शिकविते, मोठी करते. संशय एका मुसलमान तरुणावर जातो. त्याला कोठडीत मारहाण होते आणि त्या मारहाणीत संतोषचाही हात उठतो. मुलगा मरतो. दोष त्याचा नव्हता.

तिचा हात उठला, तेव्हा मी लेकीचे मनगट घट्ट धरले. तिला वाटले, मला हिंसा पाहवत नाही. खरे कारण निराळे होते. माझी आई पोलीस शिपाई होती.

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले. गावकुसाबाहेरच्या वस्तीतून मिशनच्या शाळेत गेलेली आजोबांची पिढी, त्यानंतर पोलिसांत भरती झालेले वडील, आणि वडिलांच्या बदलीमुळे घाटमाथ्यावर आलेले आमचे बिऱ्हाड. १९७८ च्या पावसाळ्यात जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर बंदोबस्ताला असताना वडिलांना एका मालमोटारीने उडविले. आई तेव्हा बत्तीस वर्षांची होती आणि आम्ही तीन भावंडे. त्यांत मी थोरली, दहा वर्षांची. पुढल्या वर्षी अनुकंपा तत्त्वावर आईला वडिलांच्या खात्यात घेतले. खाकी साडी नेसून ती पहिल्या दिवशी घराबाहेर पडली, तेव्हा शेजारच्या बायका दारात उभ्या राहून पाहत होत्या. आजी म्हणाली, "पोरी, डोईवरचा पदर गेला, पण पोरांच्या तोंडची भाकर राहिली." मला मात्र केवळ अभिमान वाटला. ज्या माणसांनी आम्हाला कधी ओट्यावर बसू दिले नव्हते, ती आता माझ्या आईला 'बाई' म्हणत होती.

१९८२ च्या मे महिन्यातील गोष्ट. त्या वर्षी करवंदेवाली मुलगी स्टेशनावर दिसेनाशी झाली होती. घाटमाथ्यावरील एका बंगल्यात ती धुण्याभांड्याला लागली होती. मुंबईहून मंडळी हवापालटाला आली, की असे काम निघे. त्या घरातील सोन्याच्या बांगड्या हरवल्या आणि मुलीला ठाण्यावर आणले. परिसरातील कोणते ठाणे, हे मी सांगत नाही. रात्री नऊच्या सुमारास एक शिपाई आमच्या दारी आला. बाईमाणसाची चौकशी आहे, बाई शिपाई हजर हवी, असा निरोप होता. आई जेवणाच्या ताटावरून उठून गेली.

ती पहाटे परतली. मोरीत बसून ती बराच वेळ हात धूत होती. कपडे धुण्याच्या साबणाने, कोपरापर्यंत. मी जागी होते. मी विचारले, "आई, चोर सापडला का?" ती म्हणाली, "कबूल झाली."

दुसऱ्या दिवशी मैत्रिणींच्या घोळक्यात मी मोठ्या दिमाखाने सांगितले, की माझ्या आईने एका रात्रीत चोर पकडला. कोण, ते मला तेव्हा माहीत नव्हते, असे म्हणून मी स्वतःला पुष्कळ वर्षे सोडविले. पण दोन दिवसांत ते सगळ्या बाजारात झाले होते. मलाही कळले होते. तरीही मी माझे वाक्य मागे घेतले नाही.

आठवडाभराने बांगड्या मिळाल्या. त्या घरातील मंडळींच्याच प्रवासी पेटीत, कपड्यांच्या घडीत. मुलीला सोडून दिले. कोणी कोणाची क्षमा मागितली नाही. मागण्याची रीतच नव्हती.

आपल्या कायद्यातील एक गोष्ट मला पुढे कळली आणि ती अद्याप मला सोडीत नाही. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, असे १८७२ च्या पुरावा कायद्याचे पंचविसावे कलम सांगत होते. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हा नियम कायम आहे. इंग्रज सरकारलाही आपले पोलीस कबुली कशी मिळवितात, हे ठाऊक होते. मग ज्या कबुलीला न्यायालयात किंमत नाही, ती मिळविण्यासाठी एवढा आटापिटा कशासाठी? कारण त्याच कायद्यात एक फट आहे. आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर माहितीचा तेवढा भाग पुराव्यात येतो. म्हणून 'ऐवज कुठे आहे' हा प्रश्न काठीने विचारला जातो. आणि जिने ऐवज घेतलेलाच नाही, तिच्यापाशी या प्रश्नाला उत्तर नसते. म्हणून तिलाच सर्वांत अधिक मार बसतो.

काळ असा होता, की याविषयी बोलले जात नव्हते असेही नाही. महाराष्ट्रातल्याच देसाईगंजच्या ठाण्यात १९७२ मध्ये मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी केलेला अत्याचार, सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष ठरविणे आणि त्याविरुद्ध उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार व वसुधा धागमवार या चार कायदेपंडितांनी १९७९ मध्ये लिहिलेले खुले पत्र यांनी देश ढवळून निघाला होता. त्यातूनच १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. बाईच्या चौकशीला बाई हवी, ठाण्यात बाई शिपाई हवी, ही मागणीही त्या मंथनाने बळावली. मागणी रास्तच होती. पण आमच्या घरी त्या रात्री जो निरोप आला, तो मला वेगळेच काही शिकवून गेला. बाई हजर हवी होती ती मुलीच्या रक्षणासाठी नव्हे. बाईला मारायला बाईचा हात लागतो, म्हणून.

'संतोष'मध्ये हेच पाहून मी हादरले. ही कथा सुचली कशी, हे सांगताना दिग्दर्शिकेने एका छायाचित्राचा उल्लेख केला आहे. २०१२ च्या दिल्लीतील अमानुष घटनेनंतर रस्त्यावर उतरलेल्या स्त्रिया आणि त्यांना अडविण्यासाठी उभ्या केलेल्या स्त्री पोलीस. त्यांतील एकीच्या चेहऱ्यावरचे भाव त्यांना उलगडेनात. मला ते भाव ओळखीचे आहेत. पहाटे मोरीत बसलेल्या आईच्या चेहऱ्यावर ते होते.

पडद्यावरील स्त्री पोलीस आपण पुष्कळ पाहिल्या. १९८९ मध्ये दूरदर्शनवर 'उडान' मालिका लागे. कविता चौधरी यांनी आपल्या बहिणीच्या, कांचन चौधरी भट्टाचार्य यांच्या, जीवनावरून ती लिहिली, दिग्दर्शित केली आणि प्रमुख भूमिकाही स्वतःच केली. त्या भगिनी २००४ मध्ये उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या. शेजाऱ्यांकडे बसून आई ती मालिका न चुकता पाही. मी म्हणाले, "आई, बघ, तुझ्यासारखीच." ती म्हणाली, "ती साहेब आहे गं. मी शिपाई." या दोन वाक्यांतले अंतर मला 'संतोष' पाहताना समजले. आज महाराष्ट्रातही चित्र पालटले आहे. १९९४ च्या महिला धोरणानंतर सरकारी नोकऱ्यांत स्त्रियांना तीस टक्के जागा राखल्या गेल्या, २०१० मध्ये पुण्याला मीरां बोरवणकर यांच्या रूपाने पहिल्या स्त्री पोलीस आयुक्त मिळाल्या आणि २०२४ मध्ये राज्याच्या पोलीस महासंचालकपदीही प्रथमच एक स्त्री आली. याचा आनंदच आहे. परंतु खुर्चीवर कोण बसले, यापेक्षा कोठडीत रात्री काय घडते आणि त्यासाठी कोणाचा हात मागितला जातो, हा प्रश्न मोठा आहे. अंगावर वर्दी चढली की आपली पायरी एकीने वर सरकते, आणि आपल्या खालच्या पायरीवर कोणीतरी उरतेच. माझ्या आईच्या खाली ती कातकरणीची पोर उरली होती.

त्या दिवाळीनंतर आई एक लुगडे आणि पायलीभर तांदूळ घेऊन घाटाखालच्या कातकरवाडीवर गेली. मला बरोबर नेले. झोपडी बंद होती. सारे कुटुंब वीटभट्टीवर गेले होते. शिमग्याला आम्ही पुन्हा गेलो. मुलगी दिसली नाही. तिचे लग्न लावून दिले होते. तिच्या आईने आम्हाला ओळखले, घोंगडी टाकली आणि गूळ घालून कोरा चहा दिला. आई चहाचा पेला हातात धरून बसून राहिली. लुगडे तिने घोंगडीवर ठेवले. ती बाई म्हणाली, "कशापायी आणलंत, बाई?" आईला उत्तर देता आले नाही. आम्ही उठलो. परतीच्या वाटेवर ती मला एवढेच म्हणाली, "तिने विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं." मला त्या वेळीही ते खरे वाटले नाही. तिने विचारलेच होते.

आई दर महिन्याला चर्चमध्ये पापांची कबुली द्यायला जात असे. तेथे तिने हे सांगितले की नाही, हे फादर आणि परमेश्वर जाणोत. पण ज्या कबुलीवर तिचा हक्क नव्हता ती तिने एका रात्रीत मिळविली, आणि जी कबुली तिने देणे लागत होती ती तिला उभ्या आयुष्यात त्या झोपडीत देता आली नाही, हे मी पाहिले आहे.

चित्रपटातील संतोष शेवटी गणवेश मागे ठेवून निघून जाते. लेक म्हणाली, "निदान तिने नोकरी सोडली तरी." मी काही बोलले नाही. आईने सोडली नाही. २००४ मध्ये निवृत्त होईपर्यंत ती शिपायाची हवालदार झाली आणि त्या पगारावर आम्ही तिघे शिकलो. मी शिक्षिका झाले, माझी लेक लंडनला पोहोचली. त्या रात्रीच्या हजेरीचा पगारही त्यातच आला. निवृत्तीनंतर एकदा ती म्हणाली होती, "त्यानंतर माझ्या ड्युटीत रात्री बाई आणली, की मी तिच्याशेजारी बाक टाकून सकाळपर्यंत बसायची. मी तिथे असताना कुणी हात लावला नाही." ते सर्वस्वी खरे असेल का? तिला तसे वाटणे गरजेचे होते का? तिला विचारायला हवे होते. २०१६ मध्ये ती गेली. विचारायचे राहिले. संतोष निघून गेल्यावर तिच्या जागी कोण आले असेल, आणि त्या नव्या बाईने बाक टाकला असेल का, हेही चित्रपट सांगत नाही.

चित्रपटगृहातून घरी जाताना बसच्या वरच्या मजल्यावर मी लेकीला हे सगळे सांगितले. आजीविषयीचे आणि माझ्याविषयीचेही. शाळेतल्या त्या वाक्याविषयी. तिने आजीला केवळ नाताळच्या करंज्या करताना पाहिले होते. ती पुष्कळ वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "मम्मी, ती मुलगी आता कुठे असेल?"

परत आल्यावर, मे संपण्याआधी, मी एका सकाळी खंडाळा स्टेशनावर गेले. मनाशी म्हटले, ती असती तर माझ्यासारखीच सत्तावन्न वर्षांची, कदाचित नातवंडांची आजी. एक मुलगी पाटी घेऊन बसली होती. मी करवंदे घेतली. तिने मोजून झाल्यावर वर मूठभर घातली. मी तिला तिच्या वाडीचे नाव विचारले. तिने सांगितले आणि म्हणाली, "का हो, मावशी? कोणाला ओळखता का?"

मी 'हो' म्हणाले. या वेळी तरी, कोणी विचारल्यावर, उत्तर द्यायचे असे मी ठरविले होते. मग तिच्याशेजारी फलाटावर बसले आणि सांगायला सुरुवात केली.